चार बोटं मागनं

इलाहीचाचा कुठल्याही कामाला 'झालं' म्हणायचे नाहीत. 'झाल्यागत दिसतंय' म्हणायचे. पडद्यावर शंभर टक्के आलेले असोत, हिरवी खूण लागलेली असो, मशीनने इंग्रजीत अभिनंदन केलेलं असो, चाचा चष्मा कपाळावर सरकवणार, पडद्याला जवळजवळ नाक लावणार आणि म्हणणार, "झाल्यागत दिसतंय, म्याडम." मग खुर्ची ओढून बसायचे आणि डिस्कवर उतरलेले फोटो एकेक उघडून बघायला लागायचे. पहिला, शेवटचा आणि मधले मनाला येतील ते दहा-बारा. कुणाच्या बरगड्या, कुणाची कवटी, कुणाचा गुडघा. सगळं नीट दिसलं तरी वहीत लिहायचे ते 'उघडून बघितले, ठीक' एवढंच. त्या वहीत 'झालं' हा शब्द एकाच पानावर आहे, आणि तो माझ्यामुळे आहे.

कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात मी कॉम्प्युटर विभाग सांभाळते. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. या गोष्टीत लाज वाटावी असं जे आहे ते हॉस्पिटलचं नाही, माझं आहे.

आमच्याकडे एक्स-रे, सीटी स्कॅन, सोनोग्राफी यांचे फोटो सर्व्हरवर साठतात आणि सर्व्हरवर जागा कायम कमी. म्हणून जुन्या सालातले फोटो मोठ्या डिस्कांवर उतरवायचे, तपासायचे आणि मगच सर्व्हरवरचे पुसायचे. एकेक उतरवणं दोन-दोन दिवस चालतं. दोन दिवसांत एकदा तरी लाईट जाणार किंवा कुठली तरी वायर रुसणार, हे धरूनच चालावं लागतं. अर्ध्यावर थांबलेलं काम पुन्हा कसं सुरू करायचं, यावरच या धंद्यातली माणसं ओळखता येतात. काही जण पहिल्यापासून सुरू करतात आणि आयुष्य घालवतात. काही जण जिथं थांबलं तिथून पुढे ढकलतात आणि चहाला जातात. इलाहीचाचांची तिसरी जात होती.

चाचा मूळचे कबनूरचे. पंचवीस वर्षं इचलकरंजीत यंत्रमागाच्या शेडमध्ये जॉबर होते. जॉबर म्हणजे माग दुरुस्त करणारा, ज्याच्या हाताकडे बघून विणकर जीव टांगून उभे असतात. पुढे त्या शेडमधले माग भंगारात गेले आणि चाचा एका एजन्सीमार्फत आमच्याकडे जनरेटर बघायला आले. माझ्या आधीच्या इंजिनिअरने त्यांना सर्व्हरच्या खोलीत ओढलं. मी रुजू झाले तेव्हा डिस्कांचं सगळं काम त्यांच्याकडे होतं. मी पुण्याहून शिकून आलेली, आणि माझ्या हाताखाली दहावी नापास, पन्नाशी उलटलेला, कानाने अधू माणूस. मला त्याचा रागच आला होता.

मागांच्या खडखडाटाने त्यांचा डावा कान गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता. त्यामुळे ते बोलायचे म्हणजे तीन मजल्यांना ऐकू जायचं. पंख्याचा आवाज ऐकू येत नाही म्हणून मशीनवर तळहात ठेवायचे. "ह्याच्या छातीत घरघर हाय," असं म्हणाले की दोन दिवसांत तो पंखा बंद पडायचाच. मी मशीनवर आलेल्या इशाऱ्यांची यादी बघत बसायची आणि ती यादी येईपर्यंत चाचा नवा पंखा बसवून मोकळे झालेले असायचे. जेवणाच्या सुट्टीत कागदात बांधलेलं भडंग काढायचे आणि पहिली मूठ दुसऱ्याला द्यायचे. मी पहिले कित्येक महिने ती 'नको' म्हणून नाकारली, आणि त्यांनी कित्येक महिने रोज पुढे केली.

'डेटा' हा शब्द त्यांनी कधी तोंडात घेतला नाही. ते फोटोंना 'माणसं' म्हणायचे. त्यातून एकदा मोठीच पंचाईत झाली. मी मीटिंगमध्ये होते आणि कामाचा हिशोब द्यायला चाचांनी मला फोन लावला. लावला तो नेमका अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकड्यांपाशी उभं राहून. "म्याडम, सकाळधरनं तीनशे माणसं गेली बगा! ऱ्हायलेली सांजपातूर जातील, काय काळजी करू नगा!" बाकड्यांवरचे नातेवाईक उभेच राहिले. एका आजीने तर गळा काढला. मी धावत खाली गेले तेव्हा चाचा त्या आजींच्या पायाशी बसून त्यांची समजूत काढत होते, "आवो आजी, फोटू गेलं, फोटू! तुमचा पावणा जित्ता हाय की आत!" मी त्यांना खोलीत बोलावून बजावलं, यापुढे 'फाइल' म्हणायचं. चाचा म्हणाले, "फाइल म्हनलं की हात सैल पडतोय, म्याडम. मानूस म्हनलं की जरा धरून ऱ्हातोय." आणि माणसंच म्हणत राहिले.

मी आल्यावर पहिल्यांदा काम अर्ध्यावर तुटलं ते उन्हाळ्यात. भर दुपारी लाईट गेली, बॅटऱ्यांनी दगा दिला आणि दीड दिवसाची कॉपी बंद पडली. लाईट आल्यावर मशीनने विचारलं, थांबलं तिथून पुढे सुरू करू का? मी 'हो' दाबायला हात पुढे केला, तर चाचांनी मधे आपला हात आडवा धरला.

"तुटलं तितनं न्हाय घ्यायचं, म्याडम. चार बोटं मागनं घ्यायचं."

"का? मशीनला माहीत आहे कुठपर्यंत झालंय ते."

"मशीनला आपलं काय लिवलंय ते ठावं हाय. काय उतारलंय ते कुटं ठावं हाय?"

मग त्यांनी मला मागाचं सांगितलं. चालत्या मागावर धागा तुटला की माग थांबतो. धागा सांधून तिथूनच माग सुरू केला तर कापडावर आडवी रेघ पडते. त्यामुळे जाणता विणकर विणलेलं चारेक बोटं उसवतो, मागे येतो आणि चांगल्या जागेवरून पुन्हा विणायला घेतो. "तुटताना दणका बसतोय की. त्यो दणका मागच्या धाग्यास्नी बी बसलेला असतोय. वरनं दिसत न्हाय, धुतल्यावर दिसतंय."

मला हे ऐकून हसू आलं. कापड कुठे, कॉम्प्युटर कुठे. चाचा वाद घालत बसले नाहीत. त्यांनी लाईट जायच्या आधीच्या तासाभरात उतरलेले फोटो माझ्यासमोर उघडले. नाव बरोबर, आकार बरोबर, तारीख बरोबर. फोटो मात्र काळा. दुसरा उघडला, तोही काळा. तिसरा अर्धा. डबा आहे, झाकण आहे, आत भाजी नाही, असा प्रकार. मशीन डिस्कवर नावं आधी मांडतं आणि पोटातला माल मागून भरतं. मधेच लाईट गेली की शेवटच्या बऱ्याच फोटोंचं पोट रिकामं राहतं. पुढे सुरू करताना मशीन फक्त नाव आणि आकार बघतं आणि म्हणतं, हे तर आलेले आहेत. हे मला पुस्तकातून माहीत असायला हवं होतं. चाचांना ते मागावरून माहीत होतं. त्यांनी शेवटच्या सहा तासांचं उतरलेलं सगळं काढून टाकलं आणि तिथून पुन्हा घेतलं. त्या दिवशी मी भडंगाची मूठ घेतली.

म्हणजे मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. माझ्या डोळ्यांनी मी तीन काळे फोटो पाहिले होते. एवढं लक्षात ठेवून पुढचं वाचावं.

त्यांच्या या सवयीपायी माझी फजितीही व्हायची. एकदा ट्रस्टचे अध्यक्ष चार पाहुण्यांना घेऊन सर्व्हरची खोली दाखवायला आले. त्यांनी कौतुकाने विचारलं, "काय चाचा, आमचं सगळं सुरक्षित आहे ना? बॅकअप झालाय ना?" चाचा चष्मा वर करून म्हणाले, "झाल्यागत दिसतंय, सायेब." पाहुणे हसले, अध्यक्ष हसले नाहीत. ते गेल्यावर मी चाचांवर चांगलीच उखडले. सरळ 'हो' म्हणायला तुमचं काय जातं, म्हणून विचारलं.

"हो म्हनायला काय जात न्हाय, म्याडम," ते म्हणाले. "जातंय ते मागनं."

त्या वर्षीच्या हिवाळ्यात आमच्याकडे नवीन सीटी स्कॅन मशीन यायचं होतं. सोमवारी कंपनीची माणसं ते सर्व्हरला जोडणार, दुपारी अध्यक्षांच्या हस्ते नारळ. त्यासाठी सर्व्हरवर जागा हवी होती, म्हणून दोन वर्षांपूर्वीचे सगळे फोटो शनिवार-रविवारी उतरवायचे ठरले. नेमकं शनिवारी चाचांच्या बायकोच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ते काम सुरू करून देऊन गेले आणि जाताना दारातून तीनदा सांगून गेले, "लाईट गेली तर चार बोटं मागनं. आन् मी आल्याबिगर काय बी पुसायचं न्हाय."

रविवारी दुपारी लाईट गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत काम तुटलं. मी हिशोब केला. मागे येऊन घेतलं तर सोमवार दुपारपर्यंत चालणार, म्हणजे कंपनीची माणसं हात बांधून बसणार आणि अध्यक्षांपुढे मी तोंड पाडून उभी राहणार. मशीनने विचारलं, थांबलं तिथून पुढे सुरू करू का? खोलीत मी एकटीच होते. मी 'हो' दाबलं. पहाटे शंभर टक्के झाले, हिरवी खूण लागली. एकही फोटो उघडून पाहिला नाही. पाहिला असता तर काय दिसेल ते मला ठाऊक होतं, म्हणूनच पाहिला नाही.

सोमवारी चाचा पहिल्या एसटीने आले. बायकोच्या डोळ्याचं विचारलं तर "ब्येस हाय" म्हणाले आणि लगेच पडद्याकडे वळले.

"लाईट गेलती का?"

"गेली होती थोडा वेळ."

"चार बोटं मागनं घेतलं न्हवं?"

"हो."

"उगडून बगितलं?"

"बघितलं हो चाचा! पुसा आता, बाहेर माणसं येऊन बसलीत."

मी वैतागून बोलले, खोटं बोलणारा माणूस वैतागतो तसं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. "तुमी बगितलंय म्हंजे झालं," म्हणाले. स्वतःच्या हाताने, स्वतःच्या नावाने त्यांनी सर्व्हरवरचे फोटो पुसले आणि वहीत लिहिलं, 'झालं.' दुपारी नारळ फुटला. पेढे वाटले. मी दोन खाल्ले.

पाच-सहा महिने काहीच झालं नाही. या कामात चूक अशीच असते, ती झाल्या दिवशी दिसत नाही. मग मुरगूडच्या एक बाई आल्या. घरी ब्लाऊज शिवायच्या, खोकला हटत नव्हता. नव्या स्कॅनमध्ये फुप्फुसावर एक डाग दिसला. दोन-अडीच वर्षांपूर्वी न्यूमोनिया झाला होता तेव्हा त्यांचा स्कॅन आमच्याकडेच काढलेला होता. डॉक्टर म्हणाले, जुना फोटो काढा. तेव्हाही डाग एवढाच असेल तर काळजीचं कारण नाही, नुसतं लक्ष ठेवू. बाईंकडची फिल्म पुराचं पाणी घरात शिरलं तेव्हा गेलेली. चाचांनी डिस्क लावली. नाव निघालं, तारीख निघाली. फोटो काळा. दुसरी प्रत लावली, ती पहिलीवरूनच काढलेली, तीही काळी.

चाचांनी त्या फोटोच्या पुढचा-मागचा एकेक फोटो उघडत नेला. मी त्यांच्या पाठीमागे उभी होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही.

तुलना करायला काही नाही म्हटल्यावर डॉक्टरांना धोका पत्करता येईना. बाईंची छाती उघडून तुकडा काढावा लागला. काही निघालं नाही. जुनाच डाग होता. पण महिनाभर त्या बाई मरणाच्या भीतीत राहिल्या, आणि पुढे कित्येक महिने त्यांना शिलाई मशीनवर बसता येत नव्हतं. त्यांच्या भावाने ऑफिसात येऊन टेबलावर हात आपटून विचारलं, "माझ्या बहिणीचा फोटू कुणी पुसला?"

चौकशी बसली. टेबलाच्या एका बाजूला हॉस्पिटलचे प्रमुख, म्हणजे आमचे मोठे डॉक्टर, ट्रस्टचे सचिव आणि मी. समोर चाचा, उभे. त्यांना बसा असं कोणी म्हटलं नाही. मीही नाही.

सचिवांनी विचारलं, "पुसलं कुणी?"

"मी."

"पुसण्याआधी तपासलं होतं?"

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, काही मागत आहेत असंही नाही. एसटीची वाट बघणारा माणूस रस्त्याकडे बघतो तसं पाहिलं. अर्धं मिनिट असेल. तेवढ्या वेळात मला बोलता आलं असतं. माझ्या मनात काय होतं ते सांगते. घराचं कर्ज, शिक्षक म्हणून वडिलांचं असलेलं नाव, आणि हा माणूस एजन्सीचा आहे, याचं काय जाणार आहे फारसं, हा विचार. तोही होता. मी खाली मान घालून समोरच्या कागदावर तारीख लिहिली.

"बगितल्याबिगर पुसाय नको हुतं," चाचा म्हणाले. "चूक माजी."

एजन्सीने त्यांना त्याच आठवड्यात कामावरून बंद केलं. अहवालात 'ऑपरेटरने न तपासता मूळ नोंदी पुसल्या' असं वाक्य आलं. त्याखाली माझी सही आहे.

पुढची गोष्ट सांगताना जास्त लाज वाटते. असं पुन्हा घडू नये म्हणून नियम करायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिलं: काम मधेच तुटल्यास शेवटच्या सहा तासांचा भाग रद्द करून त्यामागून पुन्हा घ्यावा, पहिला, शेवटचा आणि मधले किमान बारा फोटो उघडून पाहावेत, त्याशिवाय काहीही पुसू नये. म्हणजे चाचांना एका पानावर बसवलं आणि खाली माझं नाव घातलं. चौकट करून तो कागद सर्व्हरच्या खोलीत लावला. दर्जा तपासायला आलेल्या लोकांनी त्याचा फोटो काढून नेला. पुण्यात एका परिषदेत मी त्यावर बोलले, टाळ्या पडल्या. यंदा पुन्हा तपासणी झाली, तेव्हा त्यातल्या एका गृहस्थांनी आदराने विचारलं, "मॅडम, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"अनुभवातून," मी म्हणाले.

ते उत्तर माझ्या तोंडून इतकं सहज आलं की मला माझीच भीती वाटली. त्याच आठवड्यात, गुरुवारी, अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी कबनूरला गेले.

चाचा एका छोट्या शेडमध्ये कापड तपासायला बसतात. मागावरून उतरलेलं कापड टेबलावरून ओढायचं, डाग, रेघ, तुटका धागा दिसला की खडूने खूण करायची. पलीकडे माग चालू होते, त्या गोंगाटात मला ओरडून बोलावं लागत होतं. त्यांनी मला ओळखलं, उठले, स्वतःचं स्टूल मला दिलं आणि आपण उभे राहून कापड ओढू लागले. मी घरचं विचारलं, त्यांनी हॉस्पिटलातल्या एकेकाचं विचारलं. मग मी एकदाचं बोलले. हळू बोलायची गोष्ट होती, ती मला ओरडून सांगावी लागली.

"चाचा, त्या सोमवारी मी खोटं बोलले होते! मी मागून घेतलं नव्हतं! बघितलंही नव्हतं!"

त्यांचा हात कापडावरून सरकत राहिला.

"ठावं हाय की."

"कधीपासून?"

"पयला फोटू काळा निगाला तवाधरनं. चार बोटं मागनं घेतलेलं आसं काळं निगत न्हाय."

"मग चौकशीत बोलला का नाहीत?"

आता त्यांनी हात थांबवला. "म्या का बोलायचं? ते बोलायचं तुमचं हुतं. माजी चूक म्या सांगितली. तुमच्या शब्दावर पुसलं, ही माजी. तुमची तुमी सांगायची." खडू टेबलावर ठेवला. "तवा वाटलं, म्याडम आता बोलतीला. मग गेटवर उबा ऱ्हायलो जरा, म्हनलं सायेबास्नी सांगून येतीला. मग वरीसभर घरात फोन वाजला की बायकू म्हनायची, बगा, म्याडमचा आसंल."

मी म्हणाले, "मला माफ करा." डोळ्यांत पाणी आलं होतं, ते त्यांना दिसावं असंही मला वाटत होतं. तेही कबूल करते.

"माफी घिऊन म्या काय करू?" चाचा म्हणाले. आवाज त्यांच्या नेहमीचाच, मोठा. "हितं शेडमदी कुनाला कायबी ठावं न्हाय. तितं ठावं हाय. इलाही मोमीननं न बगता मानसं पुसली, आसं तितं लिवून ठेवलंय. ते खोडून या. मला नगं सांगाय."

"सांगते. नक्की सांगते."

"कवा?"

"उद्या पहिलं तेच काम."

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "तीन बी वाजलं न्हाईत आजून. आज हापिस चालूच आसंल की."

मी उठले. ते पुन्हा कापड ओढायला लागले होते. दारातून मी मागे पाहिलं, तेव्हा ते टेबलावर वाकून काहीतरी निरखत होते. मला निरोप द्यायला त्यांनी मान वर केली नाही.

साडेचारच्या सुमाराला मी हॉस्पिटलच्या आवारात पोचले. मोठे डॉक्टर होते, त्यांची गाडी उभी होती. मी माझी गाडी तिच्या शेजारी लावली, दहा मिनिटं आत बसून राहिले आणि घरी गेले. शुक्रवारी त्यांना वेळ नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. त्या गुरुवारला आज अकरा आठवडे होतील. एवढं सगळं मला इथं लिहिता आलं. तिथं सांगायला दोन वाक्यं पुरतील, आणि मोठ्या डॉक्टरांची खोली माझ्या खोलीपासून तिसरी आहे.